चार्ट पाहून घेतला, ताळेबंद सांगून ठेवला: शेअर गुंतवणुकीवर वाचकांचे प्रश्न

टेक्निकल (भावाचा चार्ट पाहून निर्णय) खरं की फंडामेंटल (कंपनीचा धंदा आणि ताळेबंद पाहून निर्णय), असं विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली सहा निवडली आहेत. कंपन्यांची नावं वगळली आहेत. आकडे वाचकांनी दिले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न: ब्रेकआउट पाहून २४० च्या भावाने ८०० शेअर घेतले. स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा स्वीकारून विकायचं तो भाव) २२२ ठरवला होता, पण त्या दिवशी विकायला मन धजावलं नाही. आज भाव १८० आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, कंपनीचे फंडामेंटल्स मजबूत आहेत, चार-पाच वर्षं विसरून जा. माझं एकूण भांडवल ५ लाख आहे. ठेवू का?

विका. कंपनी खरोखर चांगली असली तरीही आधी विका, असं आमचं मत आहे.

तुम्ही हा शेअर घेतला तेव्हा कारण एकच होतं: भाव एका पातळीच्या वर गेला आणि तो वर टिकेल असा अंदाज होता. २२२ तुटला त्या दिवशी तो अंदाज चुकला आणि शेअर ठेवायचं कारण संपलं. आता जे कारण सांगितलं जातंय ते खरेदीनंतर सापडलेलं आहे, आणि तेही दुसऱ्याने सांगितलेलं. टेक्निकल आणि फंडामेंटल या दोन पद्धतींतली कोणती बरी यावर वाद घालण्यात लोक वर्षं घालवतात. पैसा जातो तो मात्र एका पद्धतीने घेऊन दुसऱ्या पद्धतीने धरून ठेवण्यात.

हिशेब मांडून पाहा. २२२ ला बाहेर पडला असतात तर १८ गुणिले ८००, म्हणजे १४,४०० गेले असते. आज तोटा ४८,००० आहे. भांडवलाच्या जवळजवळ १० टक्के, एकाच शेअरमध्ये. २२२ वरून २४० वर यायला ८ टक्के वाढ पुरली असती. १८० वरून यायला ३३ टक्के लागतात.

खरी चूक मात्र स्टॉपलॉसच्या आधीची आहे, ती ८०० या आकड्यात आहे. चार्टवर घेताना संख्या शेवटी ठरवायची असते. आधी तोट्याची मर्यादा ठरवा, समजा भांडवलाचा १ टक्का, म्हणजे ५,०००. मग स्टॉपलॉस कुठे येतो ते चार्टवर शोधा: अलीकडच्या तळाच्या थोडं खाली, किंवा एटीआरच्या, म्हणजे रोजच्या सरासरी चढउताराच्या, दोन-अडीचपट अंतरावर. तुमच्या शेअरचा एटीआर ७ असेल तर अडीचपट म्हणजे साडेसतरा. तेव्हा २२२ ही जागा योग्यच होती. आता ५,००० भागिले १८, म्हणजे २७७ शेअर. तुम्ही घेतले त्याच्या जवळजवळ तिप्पट. १४,४०० चा तोटा डोळ्यांसमोर दिसला की हात थरथरतो आणि विक्रीचं बटण दाबलं जात नाही. ५,००० ला बहुतेकांचा हात चालतो. मनाचा कणखरपणा वाढवण्यापेक्षा संख्या कमी करणं कितीतरी सोपं आहे.

ऑर्डर कशी टाकता तेही तपासा. ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) २२२ आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव) २२१ अशी ऑर्डर असेल आणि सकाळी बाजार २१० वर उघडला, तर ट्रिगर लागतो पण विक्री होत नाही. ऑर्डर तशीच लटकून राहते आणि भाव खाली निघून जातो. लिमिट बरीच खाली ठेवा, नाहीतर मार्केट ऑर्डरचा स्टॉपलॉस वापरा. तिमाही निकाल तोंडावर असताना कोणताही स्टॉपलॉस गॅपपासून, म्हणजे आदल्या बंद भावापासून एकदम दूर उघडण्यापासून, वाचवत नाही. त्या आठवड्यात संख्या निम्मी करणं हाच उपाय.

विकून झाल्यावर पंधरा दिवस द्या. वार्षिक अहवाल वाचा, खालच्या उत्तरात दिलेल्या तपासण्या करा. मग स्वतःला विचारा: माझ्याकडे हा शेअर नसता आणि हातात रोख असती, तर १८० ला हा घेतला असता का, आणि किती? उत्तर ‘हो, २०० शेअर’ असं आलं तर २०० घ्या आणि ठेवण्याचं कारण त्याच दिवशी कागदावर लिहा. मधल्या दिवसांत भाव १९० झाला तर थोडा महाग पडेल. तेवढी किंमत मोजण्यासारखी आहे.

प्रश्न: एका कंपनीचा पी-ई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) फक्त ९ आहे, तीन वर्षं नफा वाढतोय, तरी भाव आठ महिने २०० दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजच्या (गेल्या २०० दिवसांच्या भावांच्या सरासरीच्या) खाली आहे. बाजाराला ही कंपनी दिसत नाही की मला काही दिसत नाही? तीन वर्षांची विक्री १०००, १२००, १४५० कोटी. नफा १००, १२०, १४५ कोटी.

तुम्ही विक्री आणि नफा पाठवलात, रोख पाठवली नाहीत. अहवालातला रोख प्रवाह तक्ता आणि येणी आम्ही पाहिली. व्यवसायातून आलेली रोख ९५, ६०, २० कोटी. ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम १६४, २६०, ४३७ कोटी.

येणी भागिले विक्री गुणिले ३६५ केलं की उधारी किती दिवसांची आहे ते कळतं. इथे ती ६० दिवसांवरून ७९ आणि तिथून ११० वर गेली आहे. विक्री ४५ टक्के वाढली आणि येणी अडीचपटीहून जास्त झाली. तीन वर्षांचा मिळून नफा ३६५, हातात आलेली रोख १७५. म्हणजे दाखवलेल्या दर १०० नफ्यामागे ४८ च आले. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत एखादं वर्ष असं जाऊ शकतं, कारण माल आधी जातो आणि पैसे मागून येतात. पण सलग तीन वर्षं दरी रुंदावत असेल तर माल गळ्यात मारून विक्री दाखवली जाते आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता पी-ई पाहा. नफा १४५ आणि पी-ई ९, म्हणजे बाजार कंपनीला १३०५ कोटी देतोय. येण्यांपैकी चौथा हिस्सा, साधारण १०९ कोटी, बुडीत निघाला तर कराचा हिशेब बाजूला ठेवून नफा ३६ उरतो आणि पी-ई ३६ होतो. स्वस्त दिसणारा शेअर एका ओळीत महाग झाला. बाजाराला कंपनी दिसत होती. ज्यांना ती आतून माहीत आहे ते बहुधा विकत होते.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या बाबतीत हे जगाने पाहिलं. ऑगस्ट २००० मध्ये तिचा भाव ९० डॉलरच्या आसपास होता. १६ ऑक्टोबर २००१ ला कंपनीने ६१.८ कोटी डॉलरचा तिमाही तोटा जाहीर केला, पण तोवर भाव ३३ च्या आसपास उतरलेला होता. २ डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज गेला. ताळेबंद वाचणाऱ्यांना टिपांमधली गुंतागुंत उलगडत नव्हती, आणि चार्ट मात्र कित्येक महिने उतरत होता. चार्टला कारण माहीत नसतं. काहीतरी बिनसलंय एवढंच तो सांगतो आणि ते अनेकदा लवकर सांगतो.

तरीही प्रत्येक पडझड म्हणजे लबाडी नव्हे. एखादा मोठा फंड आपला हिस्सा विकत असेल, शेअर निर्देशांकातून वगळला गेला असेल, किंवा सगळा बाजारच पडत असेल. वेगळं करायचं तर कंपनीच्या भावाला निर्देशांकाने भागा आणि त्या गुणोत्तराचा चार्ट काढा. तसंच त्याच धंद्यातल्या दोन-तीन कंपन्यांचं करा. सगळ्यांचं गुणोत्तर उतरत असेल तर दुखणं धंद्याचं आहे. एकटीचंच उतरत असेल तर कंपनीचं.

तुमची कंपनी तशी नाही, पण पोलाद, साखर, सिमेंट, जहाज वाहतूक अशा चक्राच्या धंद्यात कमी पी-ई हाच धोक्याचा कंदील असू शकतो. तेजीच्या टोकाला नफा सगळ्यात फुगलेला असतो, म्हणून पी-ई सगळ्यात कमी दिसतो. तिथे एका वर्षाचा नफा न घेता सात ते दहा वर्षांची सरासरी घ्या. १३०५ कोटींच्या कंपनीचा सरासरी नफा ५८ निघाला तर पी-ई २२ च्या वर आहे, ९ नाही.

या शेअरमध्ये आम्ही थांबलो असतो. सलग दोन तिमाहींत उधारीचे दिवस कमी झाले आणि भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर टिकला, तर ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा. तळ सापडणार नाही, दहा-पंधरा टक्के वर घ्यावं लागेल; चालेल.

प्रश्न: माझ्या शेअरचा आरएसआय ७८ झाला आहे. ७० च्या वर म्हणजे ओव्हरबॉट (गरजेपेक्षा जास्त खरेदी झालेला), मग विकून टाकू का? एमएसीडी आणि स्टोकॅस्टिकही तेच सांगतायत.

फक्त त्यामुळे विकू नका. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये हे मोजमाप मांडलं, त्यात दोनच गोष्टी आहेत: गेल्या १४ सत्रांतली वाढीची सरासरी आणि घसरणीची सरासरी. पहिलीला दुसरीने भागून येणारा आकडा १०० च्या मापात बसवला की आरएसआय. ७८ चा अर्थ एवढाच की वाढीची सरासरी घसरणीच्या साडेतीनपट आहे. शेअर महाग आहे असं त्यात कुठेही नाही. कंपनीचा नफा त्या सूत्रात शिरतच नाही.

भाव एका पट्ट्यात वरखाली होत असेल तर ७० ला विका, ३० ला घ्या हे बरंच जमतं. दमदार तेजीत आरएसआय ४० ते ८० मध्ये फिरतो आणि आठवडेच्या आठवडे ७० च्या वर राहू शकतो. तिथे ७० ला विकणारा सगळ्यात चांगली चाल हातची घालवतो.

एमएसीडी आणि स्टोकॅस्टिकही त्याच भावांतून काढतात. तिघं एकच बोलतायत म्हणून तीन साक्षीदार मिळाले असं होत नाही. साक्षीदार एकच, त्याला तीनदा विचारलंत. दुसरा साक्षीदार हवा तर उलाढाल पाहा.

प्रश्न: दोन वेबसाइटवर एकाच शेअरचा पी-ई २१ आणि ३४ दिसतो. चार्टवरच्या जुन्या सपोर्टचे (ज्या भावाला घसरण थांबत होती त्याचे) आकडेही जुळत नाहीत. कोणाचं खरं?

बहुधा दोघांचंही, पण दोघं वेगळी गोष्ट मोजतायत. पी-ई साठी तीन गोष्टी पाहा. नफा एकट्या कंपनीचा घेतलाय की उपकंपन्या धरून एकत्रित? गेल्या आर्थिक वर्षाचा की शेवटच्या चार तिमाहींचा? आणि त्यात जमीन विकून आलेला एकरकमी नफा मिसळलाय का? २१ आणि ३४ इतका फरक असेल तर आमचा पहिला संशय या तिसऱ्यावर. एकत्रित आकडे, शेवटच्या चार तिमाही, एकरकमी उत्पन्न वजा करून. असा पी-ई स्वतः काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

चार्टचं असं की बोनस आणि स्प्लिटसाठी जुने भाव बदलावेच लागतात, नाहीतर एकास एक बोनसच्या (प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअरच्या) दिवशी भाव निम्म्यावर कोसळलेला दिसेल. काही ठिकाणी लाभांशही वजा करतात, म्हणून एकीकडे १५० दिसणारा जुना सपोर्ट दुसरीकडे १४१ दिसतो. सपोर्ट आणि रेझिस्टन्स (जिथे वाढ अडते तो भाव) पाहताना लाभांश वजा न केलेला चार्ट घ्या, कारण लोकांनी खरेदी-विक्री त्याच भावाला केली होती आणि तोच आकडा त्यांच्या लक्षात असतो. एकूण परतावा मोजताना लाभांश धरलेला चार्ट.

२०० दिवसांच्या एक्स्पोनेन्शियल ॲव्हरेजमध्येही, म्हणजे अलीकडच्या भावांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीतही, असा फरक पडतो. एखाद्या साइटने मोजणी २५० दिवसांपूर्वीपासूनच सुरू केली असेल तर सुरुवातीला धरलेल्या आकड्याचं वजन आजही ८ टक्के उरलेलं असतं. निदान चार-पाच वर्षांची माहिती असलेला चार्ट वापरा. आणि पाच वर्षांपेक्षा लांबचा चार्ट असेल तर लॉग स्केल, ज्यावर सारख्या टक्क्यांची वाढ सारख्या उंचीची दिसते. साध्या स्केलवर १० वरून २० आणि १०० वरून ११० या दोन्ही उड्या सारख्याच उंचीच्या दिसतात. एक दुप्पट आहे, दुसरी १० टक्के.

प्रश्न: जुन्या भावांवर तपासून १७ आणि ४३ दिवसांच्या ॲव्हरेजची जोडी शोधली आहे (छोटी मोठीच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री). सध्याच्या निर्देशांकातल्या शेअरवर दहा वर्षांत ती सरासरी वार्षिक ३८ टक्के देते. आता पैसे लावू का?

अजून नाही. किती जोड्या तपासल्यात? छोट्या ॲव्हरेजसाठी दिवसांचे ४० वेगवेगळे आकडे आणि मोठ्यासाठी ५० घेतले तर २००० जोड्या होतात. त्यांतली सगळ्यात चांगली नशिबानेच देखणी दिसणार. १५ आणि ४०, २० आणि ५० टाकून बघा. परतावा थोडा हलला तर ठीक. एकदम कोसळला तर १७-४३ मध्ये अर्थ नव्हता. मग पहिल्या पाच वर्षांवर जोडी शोधा आणि पुढच्या पाचांवर एकदाच तपासा. एकदाच. पुन्हा पुन्हा तपासलंत की ती वर्षंही शोधण्याचाच भाग होतात.

तुम्ही आजच्या निर्देशांकातले शेअर घेतलेत, म्हणजे बुडालेल्या आणि वगळलेल्या कंपन्या आधीच गाळल्या गेल्या. त्या-त्या वर्षीची यादी लागेल. सिग्नल बंद भावावर येतो, तेव्हा खरेदी दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीच्या भावाने धरा. खर्चही धरा: दलाली, कर, आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर मिळून प्रत्येक पूर्ण व्यवहाराला अर्धा टक्का गेला आणि वर्षाला असे ४० व्यवहार झाले, तर २० टक्के तिथेच गेले.

पी-ई, नफा अशा आकड्यांवर शेअर निवडण्याचा नियम मागच्या काळावर तपासणाऱ्यांनी हीच सावधगिरी दुसऱ्या रूपात घ्यायची आहे. ३१ डिसेंबरला संपलेल्या वर्षाचे आकडे १ जानेवारीला कोणाकडेच नसतात. निकाल जाहीर झाल्याच्या तारखेनंतरच ते वापरले आहेत ना, ते पाहा.

प्रश्न: कंपनीचा नफा ३० टक्के वाढला आणि त्याच दिवशी शेअर ९ टक्के पडला. पी-ई ६० आहे. इतक्या चांगल्या कंपनीचा शेअर पडलेल्या भावात घ्यायला काय हरकत आहे?

बाजाराने ३० पेक्षा जास्त धरलं होतं, म्हणून पडला. पी-ई ६० मध्ये किती अपेक्षा भरली आहे ते उलट्या बाजूने मोजता येतं. समजा तुम्हाला वर्षाला १२ टक्के परतावा हवा आहे आणि दहा वर्षांनी वाढ मंदावल्यावर बाजार पी-ई २५ देईल. १२ टक्क्यांनी दहा वर्षांत भाव ३.१ पट व्हायला हवा. पी-ई ६० वरून २५ वर येणार, म्हणून नफा ३.१ गुणिले ६० भागिले २५, म्हणजे जवळजवळ साडेसातपट व्हावा लागेल: दहा वर्षं, दरसाल २२ टक्के. तुमचा अंदाज १८ टक्क्यांचा असेल तर नफा सव्वापाचपट होतो, भाव मात्र २.२ पटही होत नाही. परतावा ८ टक्के. १८ टक्के वेगाने दहा वर्षं वाढणाऱ्या कंपन्या मोजक्याच असतात, आणि तशी कंपनी नेमकी निवडूनही हातात ८.

मार्च २००० मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा भाव ८० डॉलरच्या आसपास होता, पी-ई शंभरच्या वर. पुढच्या २० वर्षांत विक्री अडीचपट झाली, नफाही वाढला. २० वर्षांनी भाव तिथे पोचलेला नव्हता. कंपनीबद्दल लोकांचं मत बरोबर होतं. भावाबद्दलचं नव्हतं.

तेव्हा आधी हा उलटा हिशेब तुमच्या कंपनीसाठी करा, आणि शेवटचा पी-ई २५ ऐवजी २० आणि ३० धरूनही पाहा. उत्तर जमत असेल तरी पडलेल्या दिवशीच उडी घेऊ नका. निकाल अपेक्षेपेक्षा वाईट आल्यावर भाव त्याच दिशेने पुढे आठवडेच्या आठवडे सरकत राहतो, हे बॉल आणि ब्राउन यांच्या १९६८ च्या अभ्यासापासून नोंदलं गेलं आहे. निकालाच्या दिवसाचा तळ लिहून ठेवा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत तो तुटला नाही आणि उतरत्या दिवसांची उलाढाल आटत गेली, तर पहिला हिस्सा घ्या. दुसरा पुढच्या निकालानंतर.

आणि घेतलात त्याच दिवशी वहीत तीन ओळी. कशासाठी घेतला: नफा दरसाल किमान इतके टक्के वाढेल म्हणून. कशाने चूक ठरेल: सलग दोन तिमाही वाढ अमुकच्या खाली, किंवा कर्ज भागभांडवलाच्या अमुक पटीवर. आणि कशाने चूक ठरणार नाही: नुसता भाव १५ टक्के उतरल्याने. पहिल्या पत्रातल्या वाचकांनी चार्टवर घेऊन ताळेबंदाच्या नावावर ठेवला. ताळेबंद पाहून घेणारे बरेच जण एका लाल आठवड्यात चार्ट बघून बाहेर पडतात. ही तिसरी ओळ त्यांच्यासाठी आहे.